दुसऱ्यांदा पाहिलेली जुनी मालिका: सोलापूरकरांचे अनुभव

दमाणी नगर, निवृत्त शिक्षिका (धागा मीच सुरू करतेय)

मे महिना, पारा ४३ च्या पुढे. दुपारी बारा ते पाच दाराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही आणि कूलर नुसती ओली गरम हवा फेकतोय. अशा दुपारी मी ‘आभाळमाया’ पुन्हा लावली. १९९९ साली अल्फा मराठीवर ती सुरू झाली तेव्हा मुलगी पोटात होती. तीच मुलगी आता पुण्याहून फोन करून विचारते, “आई, शेवट माहीत असताना बघतेस कशाला?”

शेवट मला अजिबात आठवत नव्हता, हे तिला सांगितलं नाही.

सुधा जोशीची, म्हणजे सुकन्या कुलकर्णींची, मला तेव्हा फार दया यायची. प्राध्यापक बाई, पदरात दोन मुली आणि नवरा दुसरीकडे गुंतलेला. सासूबाई आणि मी, दोघी मिळून मनोज जोशींच्या शरदला शिव्या घालायचो. आमचं एकमत व्हायचं असा तो दिवसातला एकमेव अर्धा तास. या खेपेला दया आली नाही. सुधाचा चक्क हेवा वाटला. का, ते अजून नीट उलगडलेलं नाही.

तुमचंही लिहा. मालिका निदान वीस वर्षं जुनी हवी आणि आता खरोखर पुन्हा पाहिलेली हवी. ‘तेव्हाच्या मालिका किती छान होत्या’ एवढंच लिहायचं असेल तर नका लिहू, ते आपण लग्नाच्या पंगतीतही बोलतो.

कन्ना चौक, टीव्ही दुरुस्ती

बाई, तुमच्या नियमात मी बसतो का बघा. दुकान आता मोबाइलचं झालंय, मुलगा बघतो. १९८८ साली मी बावीस वर्षांचा होतो आणि उस्तादाच्या हाताखाली टीव्ही शिकत होतो. २ ऑक्टोबरला ‘महाभारत’ सुरू झालं, २४ जून १९९० ला संपलं. ९४ भाग. त्यातले मी डोळ्यांनी पाहिले असतील दोन, फार तर तीन.

कारण रविवारी सकाळी नऊला मी कुणाच्या तरी पत्र्यावर असायचो. आठवडाभर अँटेना कुणाला आठवायचा नाही. वारा सुटला, कावळा बसला, पोरांचा पतंग अडकला, सगळं चालायचं. रविवारी पावणेनऊला मात्र दुकानासमोर सायकली लागायच्या. मग मी वर, घरातलं पोरगं जिन्यात आणि बाकीचं घर आत टीव्हीसमोर.

“आलं का?”

“मुंग्याच येलालेत की!”

“आता?”

“आवाज आला, चित्र नाही.”

“आता बघ बे.”

“थांब थांब थांब, हात नको काढू!”

हे ‘हात नको काढू’ माझ्या जन्माला पुजलेलं. मी धरला की चित्र येणार, सोडला की जाणार. मग आतून निरोप यायचा, मास्तर, एवढा सीन होऊ द्या. एकदा मी द्यूताचा अख्खा भाग पाइपला धरून उभ्यानं ऐकलाय. खाली बायका रडत होत्या. मला वरून फक्त समोरच्या घराची टाकी दिसत होती आणि टाकीवर वाळत घातलेले सांडगे.

तर भीष्म मला आवाज म्हणून माहीत, कर्ण आवाज म्हणून, दुर्योधन हसणं म्हणून. ‘समय’चं एक बरं होतं, त्याला तोंडच नव्हतं. हरीश भिमानींचा नुसता आवाज. तेवढ्यापुरते मी आणि खाली गादीवर बसलेले सारखेच.

२८ मार्च २०२० ला डीडी भारतीवर ते परत सुरू झालं. शटर खाली, हातात काम नाही. तेव्हा मी पहिल्यांदा बसून पाहिलं. शकुनी लंगडत चालतो हे मला बत्तीस वर्षांनी कळलं! मी ओरडलोच, “अगं, हा लंगडतोय!” बायको म्हणाली, “मग? सगळ्या गावाला माहीत आहे.” गुफी पेंटल यांनी काय काम केलंय. त्या बिचाऱ्या माणसाचं निम्मं काम माझ्या बाबतीत वाया गेलं होतं. आणि ते बाण! एक इकडून येतो, एक तिकडून येतो आणि मधे हवेत एकमेकांना शोधत बसतात. मला आवाजावरून ते कितीतरी जोरात वाटायचे.

पैशाचं म्हणाल तर निम्म्या घरांतून ‘उद्या या’ असंच ऐकलं. दहा वाजता मालिका संपली की मास्तरांचा फक्त अँटेनावाला व्हायचा.

जुळे सोलापूर, बँकेत नोकरी

आमचं थोडक्यात. ‘रामायण’, १९८७, रविवारी साडेनऊ. आजोबा आंघोळ करून, गंध लावून बसायचे. आता मी मुलांना घेऊन उत्साहानं लावलं. दुसऱ्याच भागात मोठ्या मुलानं वेग दीडपट केला. दीडपट वेगात रवींद्र जैन यांची चौपाई ऐकलीय का कुणी? राम वनवासाला जातोय की हुतात्मा एक्स्प्रेस पकडायला, कळेना. बंद केलं. खरं सांगतो, मूळ वेगात मलाही धीर धरवत नव्हता.

साखर पेठ, शिक्षक

कन्ना चौकवाले, तुम्ही ऐकलं तरी. माझं उलटं. मी टीव्हीसमोरच बसायचो, पण टीव्हीकडे पाठ करून.

घरात तेलुगू, शाळेत मराठी, अंगणात आलेल्या भाजीवालीशी कानडी, गल्लीत उर्दू. हिंदी फक्त टीव्हीवर. अव्वाला (आजीला) हिंदीचा गंध नव्हता आणि अख्ख्या घरात ती मला जरा बरी समजायची. नऊ वर्षांचा मी ‘महाभारत’ चालू असताना अव्वाकडे तोंड करून बसायचो आणि तेलुगूत सांगत राहायचो. कथा तिला माझ्यापेक्षा पक्की ठाऊक होती. तिला हवं असायचं ते ‘हा आत्ता काय म्हणाला’ एवढंच.

आणि मी चोरी करायचो. विदुर उभा राहिला की पाच मिनिटांचं काम. मी सांगायचो, “तो म्हणतोय, हे बरोबर नाही.” भीष्म बोलले, “तेही म्हणतायत, बरोबर नाही.” गांधारी, “तिलाही पटलेलं नाही.” अव्वा एकदा वैतागून म्हणाली, “मग सगळ्यांनाच पटत नाही तर थांबवत का नाहीत?” तेव्हा मला हसू आलं होतं. गेल्या वर्षी सभापर्व पुन्हा पाहिलं तेव्हा ते वाक्य आठवलं. राही मासूम रझा यांनी लिहिलेला एकेक संवाद आता नीट कानावर पडत होता, आणि अव्वापर्यंत मी त्यातलं काहीच पोचवलं नाही हे कळत होतं.

एका बाबतीत मात्र माझी गरज नव्हती. तिच्या लेखी कृष्ण एकच, तेलुगू सिनेमा ‘मायाबाजार’मधले एनटीआर, १९५७ चे. नितीश भारद्वाज पडद्यावर आले की घरातले बाकीचे हात जोडायचे. अव्वा मान तिरकी करून बघायची. शेवटपर्यंत ती त्यांना “ते पोरगं” म्हणाली. कुरुक्षेत्रावर विश्वरूप दाखवलं त्या दिवशी तरी काही बोलेल म्हणून मी बघत होतो. म्हणाली, “पोरगं बरं करतंय.”

विजापूर रोड, पोलीस खात्यात (निवृत्तीला दोन वर्षं)

‘उडान’, १९८९. आमच्याकडे टीव्ही नव्हता. वडील मिलमध्ये, आम्ही चार बहिणी. शेजारच्या खिडकीच्या गजाला धरून पाहायचे. त्यांच्या खोलीत खिडकीला लागून कपाट होतं, म्हणून पडद्याचा उजवा भाग कधीच दिसायचा नाही. त्या काकू पाहुणे आले की खिडकी लोटून घ्यायच्या. तेव्हा मी त्यांना मनात फार बोलायचे. आता वाटतं, रोज सहा डोकी खिडकीत असतील तर कुणीही लोटेल.

कविता चौधरींची कल्याणी सिंग. लेखन त्यांचं, दिग्दर्शन त्यांचं, काम त्यांचं, आणि गोष्ट सख्ख्या बहिणीवरून घेतलेली. त्या बहीण, कांचन चौधरी भट्टाचार्य, २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. हे सगळं मला भरती झाल्यावर कळलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कविताताई गेल्याची बातमी आली त्या रात्री मी मालिका शोधून लावली.

माझ्या आठवणीत नुसती वर्दी होती. कडक इस्त्री, टोपी, सॅल्यूट. आता पाहिलं तर मालिकेत बाप केवढा आहे! विक्रम गोखले. मुलीला वाढवणारा, मागे उभा राहणारा. तो मला आठवतच नव्हता. बहिणीला म्हटलं तर ती म्हणाली, “कपाटाकडे बसत असतील गं.” हसलो खूप. माझ्या भरतीच्या धावण्याच्या चाचणीला पहाटे साडेचारला वडील सायकलवर मागून यायचे, कंदील घेऊन. असो, हे इथलं नाही.

दमाणी नगर (मीच पुन्हा)

एक कबुली. वाचता वाचता लक्षात आलं, मीसुद्धा ‘आभाळमाया’ कधी बसून पाहिलेली नाही. सासूबाई सोफ्यावर आणि मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात उलथनं घेऊन. गाण्याला कणीक मळायची, जाहिरातीत फोडणी. भाकरी तव्यावर असली की सुधा काय बोलली ते सासूबाई ओरडून सांगायच्या. त्यांच्या आवाजात सुधा जरा जास्तच बिचारी व्हायची. मला दया यायची ती त्या सुधाची.

नियम मागे घेते. पहिल्यांदा पाहिली असेल तरी लिहा.

मुरारजी पेठ, वकील

मी या गर्दीत उपरा. मी ‘बुनियाद’ १९८६ साली समोर खुर्ची टाकून, एकही भाग न चुकवता पाहिली, आणि आताही तशीच पाहिली. रमेश सिप्पींची मालिका, मनोहर श्याम जोशींचं लेखन. दोन गोष्टी सांगतो. आलोकनाथ तेव्हा जेमतेम तीस वर्षांचे होते. त्यांचे म्हातारे हवेलीराम पाहून मी अकरावीत असताना गहिवरलो होतो. आता केसांतली पांढरी पावडर दिसते आणि त्याखालचं पोरसवदा कपाळही. मी स्वतः आज त्या हवेलीरामाच्या वयाचा आहे, त्यामुळे सांगू शकतो की म्हातारा माणूस इतका सावकाश उठत नाही, उठून मग थांबतो. अनिता कंवर यांच्या लाजोजीचं मात्र वय अंगातून येतं, ते अजूनही पटतं.

दुसरी गोष्ट. आमच्या शेजारी कापडाचे एक सिंधी व्यापारी होते. वीस वर्षांचे असताना शिकारपूरहून आलेले. सुरुवातीचे लाहोरचे भाग ते न चुकता आमच्याकडे येऊन पाहायचे, आईनं केलेला चहा घ्यायचे. फाळणी आली त्या दिवसापासून येणं बंद. वडील विचारायला गेले तर म्हणाले, “पुढचं मला माहीत आहे.” म्हणजे तुमच्या यादीत तेही धरा, अर्धी पाहिलेले.

होटगी रोड, गृहिणी

‘वादळवाट’, २००३ ते ०७, आणि त्यातच लोडशेडिंग. आमची लाईट जायची नेमकी त्याच वेळी. मावशीच्या गल्लीत असायची. मी लँडलाइनवरून फोन लावायचे, ती रिसीव्हर टीव्हीसमोर स्टुलावर ठेवून आपल्या कामाला जायची. मेणबत्ती, शेंगाचटणी-भाकरीचं ताट आणि कानाला मालिकेतली रमा चौधरी. अरुण नलावडेंचे आबा फोनवर फार छान ऐकू यायचे, हे प्रशस्तिपत्रक समजावं. बिल आलं तेव्हा नवऱ्यानं अबोला धरला. आता सगळे भाग सलग पाहिले. जे चुकले म्हणून हळहळत होते, त्यातल्या बऱ्याच भागांत काही घडतच नाही.

विडी घरकुल

मी आईबद्दल लिहिते. तिला फोनवर लिहिता येत नाही.

आई चाळीस वर्षं विड्या वळत होती. रोजच्या हजार विड्या, म्हणजे मान वर करायची नाही. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, भिजवलेली पानं, कात्री, दोरा. पान कापायचं, भरायचं, वळायचं, बांधायचं. चुकली विडी की कारखान्यात बाजूला काढली जायची, पैसे गेले. दुपारी सह्याद्रीवर ‘दामिनी’ लागायची, १९९७ पासून, रोज. आमच्या खोलीत शेजारच्या चार बायका सुपं घेऊन यायच्या. टीव्ही चालू आणि पाचही जणी खाली बघतायत. मी शाळेतून आले की एकटीच बघणारी. दामिनी पत्रकार. कुणाला तरी खडसावत असली की कात्र्या थांबायच्या. बायका मान वर करायच्या नाहीत, नुसत्या थांबायच्या. मग परत चालू.

हा धागा वाचून परवा मी नेटवर जे काही तुकडे सापडले ते आईला मोबाइलवर दाखवले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता बरं दिसतं तिला. प्रतीक्षा लोणकर पडद्यावर आल्या. आईनं मोबाइल जवळ धरला, लांब धरला.

“ही कोण?”

“आई, हीच दामिनी.”

“एवढी बारीक?” तिला ती आडव्या हाडाची, उंच वाटायची म्हणे. शेजारच्या आत्यासारखी. थोडा वेळ बघितलं तिनं. मग मोबाइल पालथा करून मांडीवर ठेवला आणि म्हणाली,

“हां, आता लाव.”