जादू नको, तर मग गटागटांत फरक कशाचा?

अडीचघर, दादर
पटावरच्या लढाईच्या खेळातून जादू काढली की लढणाऱ्या गटांमध्ये टक्केवारीखेरीज काहीच उरत नाही, एकाचा वेग दहा टक्के जास्त आणि दुसऱ्याचे चिलखत दहा टक्के जाड, असे काल चौपटराजा यांनी ठणकावून लिहिले. ते वाक्य रात्रभर खुपत राहिले, म्हणून सविस्तर उत्तर देतो. १६७९ मध्ये इंग्रजांच्या जहाजांनी मुंबईजवळच्या खांदेरी बेटाची नाकेबंदी केली असताना मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्री वल्ही मारत रसद पोहोचवत होत्या, आणि पाठलाग झालाच तर उथळ खाडीत शिरत होत्या. यात टक्के कुठे आहेत? तीच होडी भर समुद्रात तोफेपुढे टिकत नाही. क्षमतेची किंमत अशी तिच्याच पोटातून निघाली पाहिजे.

चौपटराजा, गिरगाव
ही होडीची क्षमता झाली, गटाची नव्हे. शत्रूने होडी पळवली की तुमचा गट रिकामा.

अडीचघर
मग माणसेच घ्या. १५४५ मध्ये बुडालेले ‘मेरी रोझ’ हे इंग्रजी जहाज १९८२ मध्ये वर काढले गेले. त्यावरील काही सांगाड्यांच्या खांद्यांत पोरवयापासून जड धनुष्य ओढल्याच्या खुणा संशोधकांना दिसल्या. धनुष्य पळवता येईल. ते खांदे कसे पळवाल?

पाऊणपट, वरळी कोळीवाडा
इंग्लंडपर्यंत कशाला जायचे? माझ्या वडिलांनी भरतीचे कोष्टक कधी हातात धरले नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ओहोटीत शत्रूचे गलबत चिखलात बसेपर्यंत शांतपणे थांबणारा गट रचून पाहा.

खाडीपलीकडे, ठाणे
हा हिशेब खाडीत साफ चुकतो. त्याच्यावर विसंबून मी ठाण्याच्या खाडीत गुडघाभर चिखलात ताटकळलो आहे.

पाऊणपट
हिशेब समुद्रकिनाऱ्याचा आहे. खाडीत आत जावे तशी भरती उशिरा येते, हे कोळीवाड्यातले शेंबडे पोरही सांगेल. पाण्याला विचारून तरी जायचे होते!

खाडीपलीकडे
उशीर धरायचा होता, तर तो आधीच्या प्रतिसादात का लिहिला नाही? खेळाचे नियमही असेच अर्धे लिहिणार आहात काय?

अर्धाशहाणा, परळ
भरती राहू द्या. एखाद्या गटाला जन्मानेच कसब चिकटवायचे आणि त्याला रचना म्हणायचे, हे आपण गावगाड्यात पुरेसे पाहिले आहे. जात निराळ्या नावाने खेळात आणू नका.

पाऊणपट
आपला राग समजतो, परंतु नेम चुकला आहे. मी कोळ्याच्या घरात जन्मलो, ऐरोलीत संगणकापुढे बसतो आणि भरती मोबाइलवर पाहतो. वडिलांच्या होडीवरचा परप्रांतीय खलाशी मात्र दोन हंगामांत पाण्याच्या रंगावरून खडक ओळखू लागला. कसब पाण्यावर घालवलेल्या वर्षांचे असते.

अर्धाशहाणा
मान्य. मग ते नियमात स्पष्ट लिहा, कारण पट मांडणाऱ्याला तुमचा खलाशी दिसणार नाही.

चौपटराजा
म्हणजे होडी पळवून उपयोग नाही, तांडेलच, म्हणजे होडीचा म्होरक्याच, पळवला पाहिजे. वा! तेवढ्यापुरते माझे वाक्य मागे घेतो. आता पळवून आणलेला तांडेल नव्या किनाऱ्यावर किती उपयोगी पडेल, ते टक्क्यांशिवाय मांडून दाखवा.