बसलो गाडीत आणि निघालो: तुमचे अनुभव सांगा

रात्री जेवताना कुणीतरी "चला ना कुठेतरी" म्हणतं आणि उजाडेपर्यंत आपण तीन जिल्हे ओलांडलेले असतात. अशाच प्रवासांबद्दल इथे लिहा. महिनाभर व्हॉट्सअ‍ॅपवर खल करून ठरलेली ट्रिप नको. ती तशीही होत नाही. अट एकच, निघताना मुक्कामाचं बुकिंग नसावं.

सुरुवात मी करतो. पुण्याहून भल्या पहाटे दोघे मित्र निघालो ते कोल्हापुरात मिसळ खायला. खाऊन हात धुतले तर नऊसुद्धा वाजले नव्हते. एवढ्या लवकर घरी जाऊन करायचं काय? कागल ओलांडलं, निपाणीला टाकी फुल केली (कर्नाटकात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त पडतं), आणि हुबळीला गदगची पाटी दिसल्यावर मित्र म्हणाला, "हंपी याच बाजूला ना?" कोप्पळवरून होसपेट गाठलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. विरुपाक्षाच्या गोपुरासमोरच्या त्या लांबलचक दगडी बाजारात आम्ही दोघे, अंगावर मिसळीचे डाग. होसपेटच्या लॉजवाल्याने आधार कार्ड घेतलं आणि विचारलं, "लगेज?" लगेज म्हणजे मोबाइलचा चार्जर. दोन लुंग्या आणि दोन टूथब्रश विकत आणले, झाली सोय.

तिखटमीठ
आमच्याकडे अचानक ठरतं ते फक्त नवऱ्याचं. "अर्ध्या तासात निघू" म्हणून हे टायरची हवा बघायला खाली उतरतात. त्या अर्ध्या तासात मी दूध शेजारी देते, भिजवलेल्या कणकेच्या दशम्या लाटते, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, लेकाची उलटीची गोळी, मावशींना उद्या येऊ नका म्हणून फोन, गॅसचा कॉक बंद. खाली गेलं की "किती वेळ लावतेस गं!" शेवटी एक पिशवी भरून दारामागच्या खुंटीला टांगूनच ठेवली, आणि एका शनिवारी मीच म्हटलं, चला, निघू. तर ह्यांना दाढी करायची होती!

नाशिकहून आग्रा रोड धरला. धुळे, शिरपूर, बिजासन घाट, सेंधवा. खलघाटला नर्मदा आली तशी सासूबाईंनी ओटी भरायचीच म्हणून गाडी पुलापलीकडे थांबवायला लावली. माझ्या पिशवीत नारळ नव्हता, त्यांच्यात होता. म्हणजे पिशवी भरून ठेवणारी मी काही पहिली नाही. रात्री इंदूरच्या सराफ्यात भुट्टे का कीस खाल्ला. दिवसा तिथे सोन्याचांदीचा व्यवहार, दुकानं मिटली की त्याच पायऱ्यांपुढे कढया चढतात. सासूबाई रात्री साडेअकराला जिलेबी खात होत्या. बीपीचं नाव काढलं नाही कुणी.

फियाटवाले काका
तुमच्याकडे गूगल आहे, म्हणून हे सोपं. ऐंशीच्या दशकात आम्ही दादरहून पद्मिनी काढून रत्नागिरीला निघायचो ते पाण्याचे दोन कॅन घेऊनच. उन्हाळ्यात कशेडी घाट चढताना गाडी हमखास गचके देत बंद पडे. पेट्रोल पाइपातच वाफाळायचं. मग बॉनेट उघडून फ्युएल पंपावर ओलं फडकं घालायचं आणि झाडाखाली बिडी ओढत बसायचं. पुढचा एसटीचा ड्रायव्हर न सांगता थांबायचा आणि पाणी हवं का विचारायचा. आता कशेडीला बोगदा झाला, पाच-दहा मिनिटांत पलीकडे. वेळ वाचतो हे खरं.

घाटमाथा
कोल्हापूरहून आंबोलीला भजी खायला गेलो आणि सकाळी पणजीत उठलो. याहून जास्त इथे लिहिता येणार नाही.

संत्री बर्फी
नागपूरकरांना समृद्धीमुळे हा नाद नव्याने लागलाय. डिसेंबर 2022 मध्ये शिर्डीपर्यंत रस्ता उघडला तेव्हा लोक नुसते रस्ता बघायला शिर्डीला जाऊन येत होते. जून 2025 पासून 701 किलोमीटर सलग झाला. पण वरच्या उत्साहात एक खडा टाकतो. हा रस्ता इतका सरळ की डोळे उघडे राहतात आणि डोकं झोपतं. त्यात आपल्याकडच्या मे महिन्यात झिजलेल्या टायरवर 120 ने गाडी पळवणं म्हणजे स्वतःहून ओढवून घेणं. मी टायरच्या खाचा बघितल्याशिवाय फाटकात शिरत नाही, आणि मध्यरात्र ते पाच गाडी हाकत नाही, कितीही मूड असो. 'रात्री रस्ता मोकळा असतो' म्हणणाऱ्यांनी ट्रकवाल्यांना विचारावं ते पहाटे तीनला कसे जागे राहतात. आणि हो, समृद्धीवर दुचाकी सोडत नाहीत. आमचा एक भाऊ बुलेट घेऊन थाटात निघाला होता, तिथूनच परत.

खाडीपारची
अमेरिकेतूनही एक. मे महिना, लाँग वीकेंड, बे एरियातून मोनो लेकला निघालो. वाटेतला टायोगा पास हा डोंगरातला घाट हिवाळाभर बर्फाने बंद असतो आणि मे अखेरीपर्यंतही उघडेल याची खात्री नसते. फाटक बंद. उत्तरेकडे टाहोवरून भलामोठा वळसा. आईबाबा भारतातून आले होते. बाबांना तळ्यापेक्षा वळसाच आवडला.

धागाकर्ता
काकांनी अजून लिहावं, आणि घाटमाथा यांनीही. तिखटमीठ, त्या पिशवीत नेमकं काय असतं?

तिखटमीठ
पंचा, साबण, प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड, गोळ्या, टॉर्च, सॅनिटरी पॅड, जुनी चादर, सुट्टे पैसे, आणि आता नारळ. पण बायकांसाठी खरी अडचण पिशवीने सुटत नाही. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह ठेवणं बंधनकारक आहे, तरी विचारलं की "किल्ली मालकांकडे आहे" हे उत्तर ठरलेलं. वाद घालू नका, तिथेच उभ्या राहा. पाच मिनिटांत किल्ली सापडते.