बकेटला पाते थेट वेल्ड करू नये

बर्फ सारण्याचे घरी बनवलेले पाते बॅकहो लोडरच्या (पुढे माती उचलणारी बकेट आणि मागे खोदणारा हात असलेल्या यंत्राच्या) पुढच्या बकेटला थेट वेल्ड करावे, असे सुचवले जाते; या सूचनेशी मी सहमत नाही. बकेटची धार कठीण पोलादाची असते. ती आधी न तापवता वेल्डिंग केल्यास जोडाशेजारी तडे जाण्याचा धोका असतो. आमच्या सोलापुरात बर्फ पडत नाही, परंतु शेतरस्त्यावरचा काळ्या मातीचा चिखल सारण्यासाठी आम्ही असेच पाते केले; त्याच्या मागे खोबण ठेवून बकेटची धार तीत बसवली आणि पाते साखळी व टर्नबकलने (फिरवून साखळी ताणणाऱ्या स्क्रूच्या जोडाने) बकेटच्या पाठीशी घट्ट आवळले. पात्याखाली जाड रबराची पट्टी मात्र जरूर लावावी, कारण रुतलेल्या दगडावर कडक पाते आदळले की सारा धक्का लोडरच्या भुजांवर आणि त्यांच्या सांध्यांतल्या पिनांवर येतो, विशेषतः पाते तिरके बसवलेले असताना.