शिकागो विद्यापीठाने १९३९ साली फुटबॉल बंद केला, ते योग्य होतं का?

मिडवे (धागाकर्ता)

(फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल.) जून २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका फेडरल न्यायाधीशांनी कॉलेज खेळाडूंच्या दाव्यातली तडजोड मंजूर केली आणि मोठ्या विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. त्यावर बोलताना मित्रमंडळींत एकच सूर लागतो: हे आता थांबणार नाही, यातून कुणाला बाहेर पडताच येत नाही. मला ते पटत नाही. एक विद्यापीठ बाहेर पडलं होतं, आणि ते साधंसुधं नव्हतं.

शिकागो विद्यापीठाचे वर्ग १८९२ साली सुरू झाले. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी येलमध्ये खेळलेल्या अमोस अलोन्झो स्टॅग यांना बोलावलं, तेही नुसता कोच म्हणून नाही, तर प्राध्यापकवर्गातली कायम जागा देऊन. स्टॅग तिथे ४१ सीझन राहिले. आज बिग टेन म्हणून जी कॉन्फरन्स (आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) ओळखली जाते तिच्या संस्थापकांत शिकागो होतं आणि १८९९ ते १९२४ या काळात त्यांनी ७ वेळा विजेतेपद मिळवलं. ‘मॉन्स्टर्स ऑफ द मिडवे’ हे बिरुद आज शिकागो बेअर्स या व्यावसायिक टीमचं समजतात. ते मुळात याच विद्यापीठाच्या टीमचं. १९३५ साली सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला देतात ती पहिली हाइझमन ट्रॉफी मिळाली ती इथल्याच जे बरवांगरला.

१९२९ साली रॉबर्ट मेनार्ड हचिन्स वयाच्या तिसाव्या वर्षी अध्यक्ष झाले. स्टॅग सत्तरीला आल्यावर त्यांना निवृत्त केलं गेलं. आणि २१ डिसेंबर १९३९ रोजी विश्वस्तांनी फुटबॉल बंद करायचा ठराव केला.

माझ्या मते अमेरिकन उच्च शिक्षणाच्या इतिहासातला हा सगळ्यात धाडसी निर्णयांपैकी एक आहे. विद्यापीठ कशासाठी असतं याचं उत्तर हचिन्सनी कृतीतून दिलं. तुम्हाला काय वाटतं?

कोलंबसकर

असहमत. १९३९ चे निकाल तुम्ही लिहिले नाहीत, ते मी लिहितो. मिशिगनकडून ८५-०. आमच्या ओहायो स्टेटकडून ६१-०. हार्वर्डकडूनही ६१-०. व्हर्जिनियाकडून ४७-०, इलिनॉयकडून ४६-०. बेलॉइटसारख्या चिमुकल्या कॉलेजकडूनही हार. पुढच्या वर्षी मैदानात उतरायचीच सोय उरली नव्हती. डाव हरल्यावर पत्ते टाकून उठणाऱ्याला कुणी संन्यासी म्हणत नाही. १९२४ साली, विजेतेपद हातात असताना बंद केला असता तर मी सगळ्यांत आधी टोपी काढली असती.

रानवाटा

कोलंबसकर, निकाल बरोबर आहेत, पण ते असे का लागले हेही बघायला हवं. त्या टीमचे कोच होते क्लार्क शॉनेसी. शिकागोने फुटबॉल बंद केल्यावर ते स्टॅनफर्डला गेले आणि १९४० च्या सीझनमध्ये एकही मॅच हरले नाहीत. नेब्रास्काला हरवून सीझनअखेरचा मानाचा रोझ बोल सामनाही जिंकले. त्यांच्या टी फॉर्मेशनची (मैदानावर खेळाडू उभे करायच्या मांडणीची) नक्कल मग देशभर झाली. म्हणजे ८५-० ने हरणारा आणि वर्षभरात अजिंक्य ठरणारा कोच एकच. फरक पोरांमध्ये होता. शिकागोने प्रवेशाचे आणि परीक्षेचे निकष खेळाडूंसाठी खाली आणले नाहीत, खेळासाठी स्कॉलरशिप दिली नाही. बाकीच्यांनी काय काय केलं ते कार्नेगी फाउंडेशनच्या १९२९ च्या अहवालात आहे. शंभरावर कॉलेजांची पाहणी झाली होती आणि बहुतेक ठिकाणी खेळाडूंना या ना त्या वाटेने पैसे पोचत होते. अशांसमोर नियम पाळून उतरल्यावर ८५-० होणारच.

अनघड

रानवाटांचा मुद्दा निम्मा खरा. हा धंदा सुरू कुणी केला? हार्परना नव्या विद्यापीठाचं नाव देशभर पोचवायचं होतं आणि त्यासाठी फुटबॉल हा सगळ्यात जवळचा रस्ता होता. शाळकरी खेळाडूंवर नजर ठेवणं, त्यांना स्पर्धांच्या निमित्ताने कॅम्पसवर बोलावणं, हे सगळं स्टॅगनी इतरांच्या आधी पद्धतशीर केलं. वॉल्टर एकर्सॉल हा त्यांचा सगळ्यात गाजलेला क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू. खेळून झालं आणि तो पदवी न घेताच बाहेर पडला, पुढे शिकागो ट्रिब्यूनमध्ये क्रीडा पत्रकार झाला.

१९०५ ची थँक्सगिव्हिंगची मॅच घ्या. मिशिगन सलग ५६ सामने हरलेलं नव्हतं. दोन्ही बाजू शून्यावर. एकर्सॉलने चेंडू लाथेने लांब मारला (पंट), तो मिशिगनच्या गोलरेषेपलीकडे गेला. तिथल्या पोराने तो उचलला आणि जागीच थांबायचं सोडून बाहेर पळायला गेला. शिकागोच्या खेळाडूंनी त्याला रेषेमागेच पाडलं. याला सेफ्टी म्हणतात, त्याचे २ गुण, मॅच २-०. शहरात जल्लोष झाला आणि त्या मिशिगनच्या पोराच्या एकट्याच्या डोक्यावर पेपरांनी खापर फोडलं.

त्याच वर्षी फुटबॉल खेळताना देशात १८-१९ मुलं दगावली. ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारायला सांगितलं. पुढच्या वर्षी फॉरवर्ड पास (चेंडू हाताने पुढे फेकायची मुभा) आला आणि पुढे एनसीएए ठरली ती कॉलेज खेळांची देशव्यापी संघटनाही तेव्हाच जन्मली. कोलंबियाने तेव्हा फुटबॉल थांबवला, नॉर्थवेस्टर्नने दोन सीझन थांबवला, स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया रग्बीकडे वळले. शिकागो मात्र त्या वर्षी विजेतं होतं. सुधारणेचा विषय निघाला तेव्हा जे सगळ्यात वर होते तेच ३४ वर्षांनी तळाला जाऊन बाहेर पडले. म्हणून ‘धाडस’ हा शब्द मला जड जातो. ज्याने पायंडा पाडला त्याच्यावर तो मोडायची जबाबदारी जास्त होती, एवढं मी मान्य करेन.

मिडवे

अनघड, पायंडा पाडला हे मान्य, पण १९०५ चे हार्पर आणि १९३९ चे हचिन्स ही वेगळी माणसं. हचिन्सनी आल्या आल्या पदवीचा सगळा अभ्यासक्रम उलटापालटा केला. १९३१ पासून वर्गातल्या हजेरीला आणि क्रेडिटना महत्त्व उरलं नाही, सर्वंकष परीक्षा पास व्हा आणि पुढे जा. १९३७ साली खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर शिकागोत आले, तेव्हा त्यांच्या कातडीच्या रंगावरून एका डीनने कॅम्पसवर शिकवायला आक्षेप घेतला होता. हचिन्सनी तो झुगारला. माणूस एका सुतात होता. फुटबॉलचा निर्णय त्याच सुतातला.

विज्ञानप्रेमी

एक मोठा फायदा कुणीच लिहिला नाही. फुटबॉल बंद झाला म्हणून स्टॅग फील्ड रिकामं झालं आणि तिथेच २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मींच्या गटाने जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया घडवली. हचिन्सच्या बाजूने याहून मोठा पुरावा कोणता?

रानवाटा

विज्ञानप्रेमी, मी हचिन्सच्याच बाजूचा आहे, पण हा पुरावा घेऊ नका. ती अणुभट्टी मैदानावर नव्हती, पश्चिमेच्या स्टँडखालच्या रॅकेट्स कोर्टात होती. आणि ती तिथे रचायचं आधी ठरलंही नव्हतं. शहराबाहेर अरगॉन जंगलात इमारत बांधायची होती, कामगारांच्या तंट्यामुळे ती रखडली आणि फर्मींनी स्टँडखालची जागा सुचवली. वर शनिवारी मॅच होत असत्या तर युद्धकाळात त्या थांबवल्या असत्या, इतकंच. ते स्टँड १९५७ साली पाडले, त्या मैदानाच्या जागी आता रेगेन्स्टाइन ग्रंथालय आहे.

न्यूरो

मी मेंदूविकारांची डॉक्टर आहे. इथे सगळे पैसा आणि प्रतिष्ठेबद्दल बोलताय म्हणून लिहिते. बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली माजी फुटबॉलपटूंच्या दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्या १११ पैकी ११० जणांत आणि फक्त कॉलेजपर्यंत खेळलेल्या ५३ पैकी ४८ जणांत सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार, आढळला. ज्यांना त्रास होता त्यांच्याच घरच्यांनी जास्त करून मेंदू दिले, त्यामुळे हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही. तरी कॉलेजवाल्यांचा आकडा मला अस्वस्थ करतो. त्यांना ना पगार होता, ना पेन्शन. हचिन्सना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, पण ज्या मुलांना त्या दिवसानंतर टॅकल (अंगावर येऊन पाडणं) खावे लागले नाहीत त्यांचा मी विचार करते.

कोलंबसकर

डॉक्टर, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, तो गंभीरच आहे. पण बाकीचं सांगतो. आमच्यासारखे लोक इथे आले तेव्हा शेजाऱ्यांशी बोलायला विषय नसायचा. शनिवारी सकाळी अख्खी गल्ली लाल-राखाडी कपड्यांत बाहेर पडायची, ग्रिल पेटायच्या, आम्ही साबुदाणा वडे घेऊन जायचो आणि चार तासांत आम्हीही त्यांच्यातले व्हायचो. माझ्या मुलीची पोहण्याची टीम फुटबॉलच्या पैशावर चालली. ज्या घरात कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं त्या घरातली मुलं स्कॉलरशिपवर शिकून बाहेर पडलेली मी जवळून पाहिली आहेत. हे सगळं ‘पैशाचा खेळ’ या दोन शब्दांत बसत नाही. आणि आता खेळाडूंना पैसे मिळतायत त्याचं दुःख कसलं? स्टेडियम त्यांच्या जिवावर भरत होतं. इतकी वर्षं कोच कोट्यधीश होत होते आणि पोरगं गुडघा फुटला की घरी जात होतं. अन्याय तो होता.

मिडवे

पैसे मिळण्याचं दुःख नाही. पगारदार खेळाडूंची टीम चालवणं हे विद्यापीठाचं काम आहे का, एवढाच माझा प्रश्न आहे. बरवांगरचं उदाहरण बघा. १९३६ च्या पहिल्याच एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक टीम कॉलेज खेळाडू निवडतात त्यात) पहिलं नाव त्याचं. फिलाडेल्फिया ईगल्सनी निवडलं, हक्क मग बेअर्सकडे गेले, आणि तो व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही. फोम रबरच्या धंद्यात गेला आणि त्यात यशस्वी झाला. त्याला टॅकल करताना मिशिगनच्या जेराल्ड फोर्डच्या डाव्या डोळ्याखाली जखम झाली, तिचा व्रण फोर्ड पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तरी होता. पुढे देश चालवणारा एक विद्यार्थी आणि पुढे धंदा करणारा दुसरा विद्यार्थी, शनिवारी एकमेकांविरुद्ध खेळले. कॉलेजचा खेळ याहून वेगळा असूच नये असं मला वाटतं.

नेपरव्हिल

मिडवे, हे तर तुम्ही माझ्या बाजूने लिहिलंत! बरवांगर त्या काळात शिकागोतच घडला, हचिन्स अध्यक्ष असताना, खेळाची स्कॉलरशिप नसताना. म्हणजे अभ्यास आणि फुटबॉल एकत्र नांदत होते. बंद करायची गरज कुठे होती?

माझा आक्षेप पद्धतीवर आहे. १९३८ साली हचिन्सनी स्वतः एका साप्ताहिकात लिहून उपाय सुचवले होते: तिकीट १० सेंट करा म्हणजे पैशाचा मोह जाईल, कोचला प्राध्यापकासारखी कायम नोकरी द्या म्हणजे जिंकण्याचं दडपण जाईल. चांगले उपाय होते. त्यांनी आपल्याच विद्यापीठात ते राबवून बघितले का? नाही. वर्षभरात टीमच मोडली, तीही नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर, पोरं घरी जात असताना.

आणि पुढचा इतिहास तुम्ही सांगितलाच नाहीत. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला कॉलेजच्या विद्यार्थ्यांची संख्या इतकी घसरली की विद्यापीठाला घाम फुटला. त्याला बाकी कारणं बरीच होती, लवकर प्रवेशाची योजना, आसपासच्या वस्तीतली गुन्हेगारी, पण रुक्ष जागा अशी जी ख्याती झाली तिचाही वाटा होताच. १९६३ साली फुटबॉल वर्गाच्या नावाखाली परत येऊ लागला, तेव्हा आमच्या गावच्या नॉर्थ सेंट्रल कॉलेजविरुद्धची मॅच होऊ नये म्हणून विद्यार्थी मैदानात बसले. एका पिढीला खेळाची इतकी भीती घालून ठेवली होती. शेवटी १९६९ साली टीम अधिकृतपणे परत आली. आज ती डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या पातळीवर, खेळते; खेळासाठी एक डॉलरची स्कॉलरशिप नाही, मुलं प्रॉब्लेम सेट सोडवून सरावाला जातात. माझा भाचा तिथे शिकतो, मी मॅचला जातो. बरवांगरची ट्रॉफी विद्यापीठाच्या रॅटनर क्रीडा केंद्रात काचेत ठेवलेली आहे, येता-जाता पोरं तिच्याकडे बघतात. जे १९६९ ला जमलं ते १९४० ला का जमलं नसतं?

मिडवे

एकट्याने तिकीट १० सेंट करून काय होणार होतं? समोरची टीम तीच येणार. आयव्ही लीगला (हार्वर्ड, येल वगैरेंच्या गटाला) हे जमलं कारण आठ विद्यापीठांनी मिळून १९४५ साली फुटबॉलसाठी करार केला आणि १९५४ साली तो सगळ्या खेळांना लावला. शिकागोला असे सोबती नव्हते. बिग टेनमधले सगळे उलट दिशेला निघाले होते, आज ती कॉन्फरन्स १८ विद्यापीठांची झाली आहे आणि लॉस एंजेलिसपासून न्यू जर्सीपर्यंत पसरली आहे. आणि डिव्हिजन थ्री १९७३ साली आली, १९४० मध्ये खाली उतरायला पायरीच नव्हती.

नेपरव्हिल

पायरीला नाव नव्हतं, कॉलेजं होती. १९३९ च्या त्या सीझनमध्ये शिकागो दोन मॅच जिंकलं: वाबॅशविरुद्ध २-० आणि ओबरलिनविरुद्ध २५-०. बेलॉइटशी ६-० ने हरलं. या तीन मॅचमध्ये शिकागोचा धुव्वा उडाला नाही. ही तिन्ही कॉलेजं आजही फुटबॉल खेळतात, आणि २०१७ पासून शिकागो ज्या मिडवेस्ट कॉन्फरन्समध्ये आहे तिच्यात बेलॉइट आहेच. अशा सात-आठ कॉलेजांबरोबर वेळापत्रक लावायला बिग टेन सोडायचीही गरज नव्हती. फुटबॉल बंद झाल्यावरही बाकीच्या खेळांसाठी शिकागो १९४६ पर्यंत त्या कॉन्फरन्समध्ये होतंच.