ऑटम लीव्ह्ज: कॉर्ड बदलतात, पण माझ्या वाजवण्यात त्या ऐकू येत नाहीत. मदत हवी आहे

मंडळी, जॅझ गिटार वाजवणारं कुणी आहे का इथे? जरा सविस्तर लिहितो, म्हणजे "आधी स्केल पाठ करा" इथपासून सुरुवात नको.

लहानपणी पेटी शिकलो, मग गिटार. ऑर्केस्ट्रात हिंदी-मराठी गाणी वाजवतो. ब्लूज असेल तर पेंटॅटॉनिकवर (पाच सुरांच्या स्केलवर) वेळ मारून नेता येते. आता 'ऑटम लीव्ह्ज' हे जॅझमधलं गाजलेलं गाणं घेतलंय, जी मायनरमध्ये. कॉर्ड्स अशा: सी मायनर सेव्हन, एफ सेव्हन, बी फ्लॅट मेजर सेव्हन, ई फ्लॅट मेजर सेव्हन, मग ए हाफ डिमिनिश्ड, डी सेव्हन आणि जी मायनर.

बी फ्लॅट मेजर स्केल धरली की डी सेव्हन येईपर्यंत एकही सूर खटकत नाही. पण बॅकिंग ट्रॅक (साथीचं रेकॉर्डिंग) काढून नुसती माझी गिटार ऐकली, तर कॉर्ड कुठे बदलली याचा पत्ताच लागत नाही. तानपुऱ्यावर आलाप चालल्यासारखं वाटतं. डी सेव्हनवर तर एफ सरळ टोचतो. प्रत्येक कॉर्डला वेगळा मोड (तीच स्केल, पण वेगळ्या सुरापासून) लावायला गेलो की डोरियन आठवेपर्यंत मिक्सोलिडियनची वेळ निघून गेलेली असते. तुम्ही लोक नेमका विचार कशाचा करता? स्केलचा, आर्पेजिओचा (कॉर्डचे सूर एकेक करून), की कशाचाच नाही?

चौथी_तार:
मोड तूर्तास बाजूला ठेवा. प्रत्येक कॉर्डचे दोनच सूर धरा, रूटपासून (कॉर्डच्या मूळ सुरापासून) मोजून तिसरा आणि सातवा. कॉर्ड मेजर की मायनर हे तिसऱ्यावरून कळतं, आणि पुढच्या कॉर्डकडे ओढ असते ती बहुतेक सातव्याची. रूट बेसवाला वाजवतोच आहे.

गिटारवर हे दोन तारांत बसतं. तिसऱ्या आणि चौथ्या तारेवर आठवा फ्रेट दाबा: ई फ्लॅट आणि बी फ्लॅट, म्हणजे सी मायनर सेव्हन. एफ सेव्हनला फक्त चौथ्या तारेवरचं बोट सातव्या फ्रेटवर आणा. बी फ्लॅट मेजरला तिसऱ्या तारेवरचंही सातव्यावर. पुढे ई फ्लॅट मेजरला चौथी तार पाचव्यावर, ए हाफ डिमिनिश्डला तिसरीही पाचव्यावर. डी सेव्हनला चौथी तार चौथ्या फ्रेटवर, टोचणाऱ्या एफऐवजी हवा असलेला एफ शार्प तो हाच. जी मायनरला दोन्ही तारा तिसऱ्यावर. बघा, एका वेळी एकच बोट सरकतं, शेवटी मात्र दोन्ही.

आधी प्रत्येक बारला (चार मात्रांना) यातला एकच सूर, सावकाश, मेट्रोनोमचे ठोके दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवून. ट्रॅक बंद केला तरी कॉर्ड्स ऐकू यायला लागतील. मगच मधल्या जागा भरा.

कोमल_निषाद:
पेटी शिकला आहात तर तेच वापरा की! जी ला सा धरा. अख्खा तुकडा आसावरी थाटात आहे, आणि ए हाफ डिमिनिश्ड-डी सेव्हन या दोन बारपुरती किरवाणी होते, कारण शुद्ध नी लागतो. जी मायनर आली की परत कोमल नी. एवढ्याने टोचणं थांबेल. शिवाय मूळ चाल गाऊन बघा. जोसेफ कोस्माने १९४५ मध्ये बांधलेली ही चाल पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या बारला ध, प, म, ग अशी उतरते (ध आणि ग कोमल), आणि हे चारही सूर त्या त्या कॉर्डचे तिसरे सूर आहेत. म्हणजे वरच्यांनी सांगितलेली निम्मी वाट चालीतच आहे. लोक हेड, म्हणजे ही मूळ चाल, घाईघाईत उरकतात आणि सोलो शोधत बसतात, हे मला कधी पटलं नाही.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. दोन तारांचं लगेच करून पाहिलं, फरक जाणवतो. पण सूर बरोबर पहिल्या मात्रेवर पडतात, त्यामुळे कवायत केल्यासारखं वाटतं. वाक्य कसं होणार?

चौथी_तार:
कॉर्ड यायच्या आधी सुरुवात करा. मूळ चालही तीन सूर आधीच निघते. बी फ्लॅट मेजरचा डी गाठायचा असेल तर तिसऱ्या तारेवर आधीच्या बारच्या चौथ्या मात्रेत आठवा आणि सहावा फ्रेट वाजवा आणि एकच्या मात्रेला सातव्यावर या. सहाव्या फ्रेटवरचा सी शार्प स्केलबाहेरचा आहे, तरी चालतो, कारण तो डीवर सुटतो. उलट तिथेच थांबलात तर चुकल्यासारखं वाटेल. हळूहळू चार मात्रांऐवजी सहा-सात मात्रांची वाक्यं बांधा, मध्ये गप्प राहा.

आणि ऐकून उचला. गिटारवादक वेस माँटगोमेरी त्याच्या आधीचा गिटारवादक चार्ली क्रिश्चन याचे सोलो कानाने उचलूनच शिकला. अख्खा सोलो नको, टू-फाइव्ह-वनवरचा (सी मायनर-एफ सेव्हन-बी फ्लॅट अशा कॉर्ड्सवरचा) दोन-चार बारचा एखादा तुकडा घ्या, आधी तोंडाने म्हणा, मग गिटारवर. तो तुकडा याच गाण्यात सी मायनर-एफ सेव्हनवर बसवा. जमला की रेकॉर्डिंग इथे टाका, पण बॅकिंग ट्रॅकशिवाय.