पणजोबा खरंच बसऱ्याच्या लढाईत होते का? कसं शोधायचं?

गिरणाकाठ:
राम राम मंडळी. गाव आमचं चाळीसगाव तालुक्यातलं. घरात कायम ऐकत आलोय की आबांचे वडील पहिल्या महायुद्धात लढायला गेले होते, आजी सांगायची "तो बसराले गयथा", म्हणजे इराकमधल्या बसऱ्याला. पण कागद म्हणाल तर एक नाही, देवघरात फक्त एक बिल्ला आहे, एकीकडे राजाचं तोंड, दुसरीकडे घोड्यावरचा माणूस अन १९१४, १९१८ असे आकडे. कुठून सुरुवात करू?

पांझरा_धुळे:
कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) साईटवर नाव टाका, फुकट आहे. बसऱ्याच्या स्मारकाच्या यादीतच ४० हजारांवर नावं आहेत. बऱ्याच नावांपुढे बापाचं नाव, गाव, तालुका पण असतो.

जिभाऊ_अमळनेर:
अहो पण पणजोबा परत आले म्हणूनच आबा झाले ना 😄 तिथे फक्त मेलेल्यांची नावं असतात, जिवंत आलेला माणूस सापडणार नाही. भाऊ, तुम्ही आधी बिल्ल्याची कड बघा, तोंडं नाही, कड. त्यावर नंबर, हुद्दा, नाव अन पलटण कोरलेली असते. ११० किंवा ११७ मराठा निघाली तर कुतच्या वेढ्यात (इराकमध्येच, तुर्कांनी इंग्रजांची फौज कोंडली होती) होते का ते बघा, त्या दोन्ही पलटणी तिथे अडकल्या होत्या, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. जुने नंबर १९२२ ला बदलले, ११७ ची पुढे पाचव्या मराठ्यांची पाचवी बटालियन झाली, त्यामुळे नंतरच्या कागदात ११७ शोधत बसू नका. आणि एक, बिल्ला चांदीचा आहे की तांब्यासारखा?

गिरणाकाठ:
तांबूसच आहे. आई दर दिवाळीला चिंचेने घासते त्यामुळे कड पार गुळगुळीत झालीय, पहिले दोन आकडे अन शेवटी "कोअर" असं काहीतरी लागतंय.

जिभाऊ_अमळनेर:
चिंच बंद करा आधी! कडेवर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवा, नाहीतर अंधारात टॉर्च आडवा मारून फोटो काढा. तांबूस ब्राँझचा बिल्ला लेबर कोअरसारख्या मजुरांच्या तुकड्यांतल्या लोकांना द्यायचे, शिपायाला चांदीचा. म्हणजे ते बंदूक घेऊन नाही, माल उतरवायला किंवा रस्ते बांधायला गेले असावेत.

पांझरा_धुळे:
आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून गावच्या कोतवाल बुकाची (जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही) नक्कल मागा, मृत्यूची नोंद तरी सापडेल. जुनी पानं मोडी लिपीत असतील तर वाचणारा माणूस आधी बघून ठेवा. १९०६ नंतर तुमच्याकडे पूर्व खानदेश जिल्हा होता, तोच लिहून शोधा.

गिरणाकाठ:
पेन्सिल फिरवली. "पोर्टर" दिसतंय, म्हणजे हमाल. काका म्हणतात कुणाला सांगू नको, गावात सुभेदार म्हणून सांगितलंय. मी मात्र फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, आता काका बोलत नाहीत.