थ्री कार्ड पोकर: राणी-छक्की-चौकीच्या खाली पॅक का करायचं?

सत्ती_अठ्ठी:
तीन पत्ती व्यवस्थित येते, पण कॅसिनोतला थ्री कार्ड पोकर पहिल्यांदाच खेळायचा आहे. नियम वाचले, तरी काही गोष्टी अडतात. डीलर ‘क्वालिफाय’ झाला नाही तर पैसे नेमके कशावर मिळतात? सगळीकडे ‘राणी-छक्की-चौकी किंवा वर असेल तरच खेळा’ असं लिहिलेलं असतं, ती हद्द आली कुठून? कारण कळलं तर टेबलावर विसरणार नाही. आणि पेअर प्लस (आपल्या हातात जोडी किंवा वर आली की पैसे देणारी वेगळी पैज) लावावं का? तीन पत्तीतली कोणती सवय इथे नडते तेही सांगा.

किलवर_गुलाम:
सवयींपासूनच सुरुवात करू, कारण नुकसान तिथेच होतं. इथे शेजारच्या खेळाडूशी तुमचं काही देणंघेणं नाही. प्रत्येकाचा डाव एकट्या डीलरशी. डीलर पॅक करत नाही, चाल वाढवत नाही, त्याला निर्णयच नसतो. म्हणून दरडावून समोरच्याला घालवण्याचा प्रकार इथे नाही. ब्लाइंडचंही तसंच. तीन पत्तीत ब्लाइंडला निम्मी चाल लागते, म्हणून त्यात अर्थ असतो. इथे न बघता खेळलात तरी पैसे तेवढेच लागतात, फक्त पॅक करण्याचा हक्क फुकट जातो. बघून नीट खेळलं तर हाऊस एज, म्हणजे सरासरीने कॅसिनोकडे जाणारा वाटा, अँटीच्या (सुरुवातीच्या पैजेच्या) ३.३७ टक्के. प्रत्येक हात ब्लाइंड खेळला तर ७.६५ टक्के.

आता डाव. ५२ पानं, जोकर नाही. आधी अँटीच्या गोलात पैसे ठेवायचे, बूट समजा. पेअर प्लस लावायचं असेल तर तेही पानं वाटायच्या आधीच. तीन पानं तुम्हाला, तीन डीलरला. पानं बघून दोनच मार्ग: पॅक, म्हणजे अँटी गेली, किंवा अँटीएवढीच रक्कम ‘प्ले’च्या चौकोनात. कमी नाही, जास्त नाही.

अँटी ५०० धरा. तुम्ही प्लेवर आणखी ५०० ठेवले, डीलरने पानं उघडली. त्याच्याकडे राणी हाय (जोडी वगैरे नाही, सर्वांत मोठं पान राणी) किंवा वरचं काही नसेल, म्हणजे गुलाम हाय वा त्याखाली असेल, तर तो क्वालिफाय नाही. अशा वेळी अँटीवर ५०० मिळतात आणि प्लेचे ५०० नुसते परत येतात. तो क्वालिफाय झाला आणि तुमचा हात मोठा असेल तर दोन्हीकडे ५००, म्हणजे एकूण १००० जिंकलात. त्याचा मोठा असेल तर १००० गेले. दोघांचे हात बरोबरीचे असतील तर दोन्ही रकमा परत. अनेकांचा गैरसमज इथेच होतो: हातात राजाची जोडी, डीलर गुलाम हाय, आणि प्लेवर काहीच दिलं नाही म्हणून वाद. तो नियमच आहे, डीलरची चूक नाही.

अँटी बोनस वेगळा लावावा लागत नाही. प्ले केलेल्या हातात सिक्वेन्स (सलग तीन पानं) असेल तर अँटीच्या १ पट, तिन्ही सारखी (ट्रेल) असतील तर ४ पट, प्युअर सिक्वेन्सला (एकाच रंगाची सलग पानं) ५ पट. डीलर जिंकला किंवा क्वालिफाय झाला नाही तरी मिळतो. काही टेबलांवर ४ आणि ५ च्या जागी ३ आणि ४ छापलेले असतात. तिथे हाऊस एज ३.८३ टक्क्यांवर जातो, म्हणून बसण्याआधी कापडावर छापलेले आकडे वाचा.

बदाम_राणी:
क्रमवारीबद्दल थोडी भर, कारण तीन पत्तीवाले इथे हमखास चुकतात. आपल्याकडे तीन एक्के सगळ्यात वर. इथे प्युअर सिक्वेन्स ट्रेलच्या वर आहे. मोजून पाहा: सिक्वेन्सचे १२ प्रकार, प्रत्येक चार रंगांत, म्हणून प्युअर सिक्वेन्स ४८. ट्रेल १३ किंमतींचे, प्रत्येकी ४ प्रकारांनी, म्हणून ५२. जे कमी वेळा येतं ते वर, एवढंच. त्याखाली सिक्वेन्स ७२०, कलर (एकाच रंगाची, पण सलग नसलेली पानं) १०९६, जोडी ३७४४, आणि नुसतं हाय कार्ड १६,४४०. बेरीज २२,१००. हे आकडे वहीत लिहून ठेवा, पुढचं सगळं गणित याच्यावरच चालतं.

एक्का-दुर्री-तिर्री हीसुद्धा फसवी जागा. बऱ्याच घरांत ती दुसऱ्या क्रमांकाची सिक्वेन्स मानतात, काही घरांत पहिल्या. थ्री कार्ड पोकरमध्ये ती सर्वांत लहान सिक्वेन्स. मोठी एक्का-राजा-राणी.

हा खेळ डेरेक वेब यांनी १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये तयार केला. तिथला जुना तीन पानांचा ब्रॅग हाच आपल्या तीन पत्तीचाही पूर्वज मानला जातो, म्हणून हाताला ओळखीचा वाटतो. ब्रॅगमध्येही तीन सारखी पानं सगळ्यांच्या वर आहेत. या नव्या खेळात मात्र क्रम मोजणीप्रमाणे लावला आहे.

आकडेमोड:
राणी-छक्की-चौकीचं उत्तर कागदावर काढता येतं. अँटी १ रुपया धरू.

डीलर किती वेळा क्वालिफाय होत नाही? दुर्री ते गुलाम अशा १० किंमतींमधून तीन वेगळ्या निवडायचे प्रकार १२०. त्यातल्या ८ सिक्वेन्स वगळल्या की ११२. प्रत्येकाचे रंग बदलून ६४ हात, त्यातले ४ एकाच रंगाचे, म्हणून ६०. ११२ गुणिले ६० म्हणजे ६७२०, भागिले २२,१००. उत्तर ३०.४ टक्के.

समजा हातात अगदी फालतू पानं आहेत आणि तरी प्ले केलं. ३०.४ टक्के वेळा १ रुपया मिळेल, उरलेल्या ६९.६ टक्के वेळा २ रुपये जातील. सरासरी तोटा सुमारे १ रुपया ९ पैसे. पॅक केलं तर फक्त १ रुपया. म्हणून पॅक. लक्षात घ्या, हे गुलाम-दश्शी-अठ्ठीलाही लागू आहे. क्वालिफाय झालेल्या डीलरकडे किमान राणी असते, म्हणजे गुलाम हाय त्याला कधीच हरवत नाही. गुलाम-दश्शी-अठ्ठी आणि पंजी-तिर्री-दुर्री इथे जवळजवळ सारख्याच किमतीच्या.

हातात राणी आली की चित्र बदलतं, कारण डीलरची त्याहून लहान राणी हरू शकते. राणी-छक्की-चौकी कोणाला हरवते? राणीसोबत छक्की-तिर्री, छक्की-दुर्री, पंजी-चौकी, पंजी-तिर्री, पंजी-दुर्री, चौकी-तिर्री, चौकी-दुर्री, तिर्री-दुर्री. हे ८ प्रकार, प्रत्येकी ६० हात, म्हणजे ४८०. जिथे २ रुपये जाणार होते तिथे २ मिळतात, म्हणजे ४ रुपयांचा फरक. ४ गुणिले ४८० भागिले २२,१००: साधारण ८.७ पैसे. बरोबरीच्या ६० हातांत पैसे परत येतात, त्याचा अर्धा पैसा. तोटा ९९.५ पैशांवर येतो, पॅकपेक्षा अर्धा पैसा बरा. आता चौकीच्या जागी तिर्री ठेवा: ७ प्रकार, तोटा १००.६ पैसे. रेघ बरोबर या दोघांच्या मध्ये पडते. यात हातातली तीन पानं डीलरकडे येऊ शकत नाहीत ही दुरुस्ती धरलेली नाही. ती धरली तरी हद्द तीच राहते.

टेबलावर बघायचं असं: सर्वांत मोठं पान एक्का किंवा राजा, खेळा. राणी असेल तर दुसरं पान बघा. सत्ती किंवा वर असेल तर खेळा, म्हणजे राणी-सत्ती-दुर्रीही खेळायची. छक्की असेल तर तिसरं चौकी किंवा वर हवं. दुसरं पंजी असेल तर तिसरं काहीही असो, पॅक. या हिशेबाने सुमारे ३२.६ टक्के हात पॅक होतात.

राजा-तिर्री-दुर्रीवर लोक घाबरतात. तो हात तोट्याचाच आहे, पण ६० पैशांच्या आसपास. पॅक केल्यावर पूर्ण रुपया जातो.

सत्ती_अठ्ठी:
फारच स्वच्छ झालं, मनापासून आभार. पेअर प्लसचं राहिलं. एका टेबलाचा तक्ता मिळालाय: जोडी १, कलर ३, सिक्वेन्स ६, ट्रेल ३०, प्युअर सिक्वेन्स ४०, आणि एकाच रंगाच्या एक्का-राजा-राणीला २००. हे चांगलं की वाईट?

आकडेमोड:
वरच्या मोजणीने स्वतः काढून बघा. प्रत्येक हाताची संख्या त्याच्या पटीने गुणायची, बेरीज करायची, हाय कार्डचे १६,४४० वजा करायचे, २२,१०० ने भागायचं.

आधी २०० वगळून: ३७४४ + ३२८८ + ४३२० + १५६० + १९२० = १४,८३२. वजा १६,४४० म्हणजे १६०८ ची तूट, ७.२८ टक्के. एका रंगाच्या एक्का-राजा-राणी ४ च आहेत, त्यावर जादा १६० पट म्हणजे ६४० ची भर. तूट ९६८, साधारण ४.४ टक्के.

कलरला ३ च्या जागी ४ असेल आणि २०० चं काही नसेल, तर तूट फक्त ५१२, म्हणजे २.३२ टक्के. तोच तक्ता सगळ्यांत चांगला. मोठा आकडा डोळ्यांत भरतो, पण तो २२,१०० हातांत ४ वेळा येतो आणि कलर १०९६ वेळा. म्हणून आधी कलरचा आकडा वाचायचा. ४ असेल तर लावायला हरकत नाही, ३ असेल आणि वर काही भरपाई नसेल तर मी त्याला हात लावणार नाही.

रुपयांत: अँटी ५००, तासाला ४० हात. अँटी-प्लेचा सरासरी तोटा तासाला सुमारे ६७४ रुपये. त्यात ७.२८ टक्क्यांचं पेअर प्लस ५०० चं जोडलं की आणखी १४५६. हे सरासरीचं. एका संध्याकाळी त्याच्या वर-खाली बरंच होतं.

किलवर_गुलाम:
सिक्स कार्ड बोनसचा गोल असेल तर एक सूचना. तुमची तीन आणि डीलरची तीन अशा सहांतून पाच पानांचा सर्वोत्तम पोकर हात धरतात, पैसे साधारण तीन सारख्यांपासून पुढे. इथे पाच पानांची क्रमवारी लागते, म्हणजे कलर सिक्वेन्सच्या वर. तीन पानांत उलट. एकाच टेबलावर दोन क्रम चालतात, म्हणून नवशिक्याने हा गोल मोकळा सोडावा.

मांडवीकाठ:
गोव्यात जाणार असाल तर खरी डीलरची टेबलं पणजीला मांडवीतल्या जहाजांवरच. हॉटेलांतल्या कॅसिनोंना कायद्याने इलेक्ट्रॉनिक खेळांचीच परवानगी आहे. वय २१ पूर्ण लागतं, ओळखपत्र मूळ न्या.

हाऊस एजपेक्षा कराचा हिशेब आधी करा. १ ऑक्टोबर २०२३ पासून विकत घेतलेल्या चिप्सच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर त्यावर पुन्हा लागत नाही. पॅकेज घेताना खिडकीवरच विचारा: यातल्या किती चिप्स रोख करता येतात आणि किती ओटीपी. ओटीपी चिप एकदाच लावता येते, थेट रोख होत नाही.

टेबलावर पानं एका हातात आणि टेबलाच्या वरच धरा, शेजाऱ्याला दाखवू नका, फोन बाजूला. खेळायचं असेल तर पानं उपडी ठेवून प्लेच्या चिप्स लावा. पॅक असेल तर उपडीच डीलरकडे सरकवा. पानं वाटल्यावर अँटीला बोटही लावायचं नाही, चिप सरळ करायला सुद्धा नाही. आणि पेअर प्लस लावलेलं असताना जोडी न बघता घाईत पॅक केलं तर ते पैसेही जातात. दुर्रीची जोडी असली तरी ती खेळायचीच.